‘लग्न करून टाका, थांबेल’ हा सल्ला आला कुठून?

मंडळी, आजची पोस्ट लांब आहे. नगरपालिकेवरची नाही, पाणीपुरवठ्यावरची नाही. बायकांच्या पाळीतल्या दुखण्यावरची आहे. पुरुष वाचकांनी इथूनच पुढं सरकू नये ही विनंती, कारण ज्या सल्ल्याबद्दल मी लिहितोय तो घरोघरी शेवटी पुरुषांच्या बैठकीतच पक्का होतो.

तर झालं असं. मागच्या दिवाळीत ताईकडं गेलो होतो. भाची आतल्या खोलीत पडून होती. वय २३, बँकेच्या परीक्षांची तयारी करते. पोटाशी गरम पाण्याची पिशवी, कॉटखाली बादली, कारण दुखणं वाढलं की उलट्या होतात. तेराव्या वर्षापासून दर महिन्याला तीन-चार दिवस ही अशीच आडवी असते म्हणे. दहा वर्षं! मला पत्ता नव्हता. ‘हिला जरा त्रास होतो’ एवढं कानावर होतं, पण मामाला असलं कोण सांगतं? त्या वर्षी पूर्वपरीक्षा नेमकी त्याच दिवसांत आली, पोरगी अर्धा पेपर टाकून बाहेर आली, तेव्हा कुठं घरात उघड बोलणं झालं.

जिल्ह्याच्या गावी एका डॉक्टरांना दाखवलं. सोनोग्राफीत डाव्या अंडाशयावर गाठ दिसली. डॉक्टर म्हणाले, “एंडोमेट्रिओसिस दिसतोय. मुलीच्या लग्नाचं बघा. एक मूल झालं की हे थांबतं. उशीर कराल तर पुढं मूल व्हायलाच अडचण येईल.”

ताईला हायसं वाटलं. आमची आजीसुद्धा हेच म्हणायची, लेकरू झालं की पोट दुखायचं थांबतं. आजीचं आणि डॉक्टरचं एकमत झालं की घरात तिसऱ्याचं कोण ऐकतं? दाजींनी आठवड्याभरात दोन स्थळं काढली.

भाची मला एवढंच म्हणाली, “मामा, तू पत्रकार ना? मग हे खरंय का ते काढ ना शोधून.”

माझं शिक्षण पत्रकारितेचा डिप्लोमा. जीवशास्त्राशी संबंध दहावीला सुटला. पण डिप्लोमात पहिल्या महिन्यात एक गोष्ट शिकवली होती : कुणी काही सांगितलं की विचारायचं, हे पहिल्यांदा कोण म्हणालं, कधी म्हणालं आणि कशावरून म्हणालं. तेवढंच धरून बसलो. शाळेतला एक मित्र पॅथॉलॉजीत आहे, त्याला रात्री-बेरात्री फोन करून भंडावून सोडलं. जुने लेख वाचले, न कळलेले त्याच्याकडून समजून घेतले. त्यातून जे हाती लागलं ते इथं मांडतोय.

आधी आजार म्हणजे काय ते दोन ओळींत. गर्भाशयाला आतून एक अस्तर असतं. दर महिन्याला ते वाढतं, आणि गर्भ राहिला नाही तर गळून पाळीवाटे बाहेर जातं. एंडोमेट्रिओसिसमध्ये त्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाच्या बाहेर रुजतात. अंडाशयावर, बीजनलिकांवर, आतड्यावर, मूत्राशयावर, ओटीपोटाच्या आतल्या पडद्यावर. महिन्याच्या संप्रेरकांना त्याही प्रतिसाद देतात. तिथंही रक्त येतं, पण बाहेर पडायला वाट नाही. मग आत सूज येते, व्रण होतात, आणि शेजारशेजारचे अवयव एकमेकांना चिकटून बसतात. जागतिक आरोग्य संघटना सांगते की पाळी येण्याच्या वयातल्या साधारण १० टक्के बायकांना, म्हणजे जगात जवळपास १९ कोटी जणींना हा आजार आहे, आणि निदान व्हायला ४ ते १२ वर्षं जातात. आमच्या भाचीची दहा वर्षं त्या हिशेबात अगदी बरोबर बसतात.

आता सल्ल्याचा माग.

पहिलं पाऊल थेट प्राचीन ग्रीसमध्ये सापडतं. हिपोक्रेटसच्या नावानं जे वैद्यकीय ग्रंथ चालतात त्यात कुमारिकांच्या आजारांवर एक छोटं प्रकरण आहे. त्यात सांगितलंय की वयात आलेल्या मुलींना असे त्रास होऊ लागले की लवकर लग्न लावून द्यावं, दिवस गेले की त्या बऱ्या होतात. म्हणजे आमच्या आजीच्या मागं अडीच हजार वर्षांची परंपरा उभी आहे, फक्त ती मराठवाड्यातली नाही. तिथं एंडोमेट्रिओसिसचं नाव अर्थातच नाही. पोटात काय चाललंय हे बघायची सोयच नव्हती.

बघायची सोय झाली ती १९व्या शतकात, तीही मेलेल्यांच्या पोटात. व्हिएन्नाचे कार्ल फॉन रोकिटान्स्की हे शवविच्छेदनातले मोठे नाव. त्यांनी १८६० मध्ये गर्भाशयाच्या अस्तरासारखा भाग नको त्या ठिकाणी वाढल्याचं लिहून ठेवलं. त्यांनी पाहिलं ते नेमकं हेच होतं का, यावर इतिहासकार आजही भांडतात. पुढं अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात टॉमस कलन या डॉक्टरांनी वर्षानुवर्षं काढलेल्या गाठींचे काप सूक्ष्मदर्शकाखाली तपासले आणि १९०८ मध्ये त्यावर जाडजूड पुस्तक काढलं. तिथंच माक्स ब्र्योडेल नावाचे जर्मन चित्रकार होते. वैद्यकीय चित्रकलेत त्यांच्या तोडीचा माणूस नव्हता. या आजाराचं पोटातलं जग डॉक्टरांना पहिल्यांदा नीट दिसलं ते चित्रांमधून. मला हे वाचून बरं वाटलं. आमच्याकडं चित्रकलेच्या शिक्षकाला शाळेत शेवटचा तास देतात.

पण आजाराला नाव आणि गोष्ट दिली ती जॉन सॅम्पसन यांनी. हे जॉन्स हॉपकिन्समध्ये शिकले आणि न्यूयॉर्क राज्यातल्या ऑल्बनी या गावी शल्यचिकित्सक म्हणून राहिले. न्यूयॉर्क शहर नव्हे, ऑल्बनी. म्हणजे तुमच्या-माझ्यासारखं बाजूचं गाव म्हणा ना. बायकांच्या अंडाशयात कधी कधी जुनं रक्त साठून घट्ट, काळपट तपकिरी झालेल्या गाठी निघत. सॅम्पसननी १९२१ मध्ये त्यावर लेख लिहिला आणि त्यांना चॉकलेट सिस्ट म्हटलं. भाचीच्या सोनोग्राफी रिपोर्टवर हाच शब्द होता. शंभर वर्षांपूर्वी ऑल्बनीत एका माणसाला जे आठवलं ते आज आमच्या जिल्ह्यात टाइप होतं.

या माणसाची एक गोष्ट मला फार आवडली. इतर सर्जन पाळीच्या दिवसांत ऑपरेशन टाळत. सॅम्पसननी पाळीच्या सुमारास पोट उघडून मुद्दाम पाहिलं. तेव्हा त्यांना बीजनलिकांच्या टोकांतून रक्त पोटाच्या पोकळीत येताना दिसलं. त्यावरून त्यांनी १९२७ मध्ये सिद्धांत मांडला : पाळीचं काही रक्त उलट्या दिशेनं नलिकांतून पोटात जातं, त्यातल्या अस्तराच्या पेशी तिथं रुजतात. एंडोमेट्रिओसिस हे नावही त्याच वर्षांत त्यांच्या लिखाणातून रूढ झालं.

जर्मनीत रॉबर्ट मायर यांना हे पटलं नाही. ते म्हणत, पोटाच्या पडद्याच्या पेशीच आपलं रूप बदलतात. (हे मायर ज्यू होते. नाझी राजवटीत त्यांना देश सोडून म्हातारपणी अमेरिकेत जावं लागलं.) हा वाद पूर्ण मिटलेला नाही. कारण १९८४ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या एका अभ्यासात दिसलं की नलिका मोकळ्या असलेल्या ९० टक्के बायकांच्या पोटात पाळीच्या दिवसांत रक्त उतरतंच. मग सगळ्यांना आजार का होत नाही? सगळ्यांच्या अंगणात बी पडतं, पण रुजतं थोड्यांच्याच. का, ते शोधण्यात आजचं बरंच संशोधन गुंतलंय.

आता खरा मुद्दा. बॉस्टन, १९३८.

जो व्हिन्सेंट मेग्ज. हार्वर्डचे प्राध्यापक, अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांत वजनदार नाव. त्यांनी १९३८ आणि १९४१ मध्ये एंडोमेट्रिओसिसवर लेख लिहिले. त्यांना दिसलं ते असं : खाजगी, पैसेवाल्या रुग्णांत हा आजार भरपूर सापडतो आणि धर्मादाय वॉर्डातल्या गरीब बायकांत कमी. पैसेवाल्या बायका उशिरा लग्न करतात, मुलं थोडी होऊ देतात. गरीब बायकांना लवकर आणि भरपूर मुलं होतात. मग त्यांनी अर्थ लावला की उशिरा लग्न आणि लांबवलेलं बाळंतपण यानंच आजार होतो. उपाय? लवकर लग्न, लवकर मुलं. माकडीण वयात आली की वीण सुरू करते, मानवी शरीरही त्यासाठीच बनलंय, असा दाखलाही त्यांनी दिला. गंमत म्हणजे र्‍हीसस माकडिणींना हा आजार आपोआप होतो हे पुढं संशोधकांना चांगलंच माहीत झालं.

काळ लक्षात घ्या. महामंदीचं दशक. अमेरिकेत जन्मदर घसरलेला. सुशिक्षित, सुखवस्तू घरांतल्या बायका मुलं कमी होऊ देतात याची तिथल्या वरच्या वर्गाला धास्ती बसली होती. मेग्ज यांच्या लिखाणात ती धास्ती दिसते. म्हणजे प्रयोगशाळेतल्या निरीक्षणावर दिवाणखान्यातली काळजी येऊन बसली आणि दोन्ही मिळून वैद्यकीय सल्ला झाला. पुढची कित्येक दशकं हा ‘करिअर करणाऱ्या बाईचा आजार’ म्हणून ओळखला गेला.

मेग्ज यांना लबाड म्हणायचं नाही मला. मोठा सर्जन होता. पण त्यांच्या तर्काला दोन भोकं होती आणि दोन्ही आमच्या ताईच्या घरापर्यंत पोचली.

पहिलं भोक. मूल झालं नाही म्हणून आजार झाला, की आजार होता म्हणून मूल झालं नाही? चार लेकरांची आई आणि निपुत्रिक बाई, दोघींकडं बघून तुम्ही म्हणालात की बघा, मुलं झाली तिला आजार नाही, तर तुम्ही बैलगाडीच्या मागं बैल जुंपलेत. ज्यांना आजार कमी होता त्यांनाच मुलं सहज झाली असतील. शिवाय गर्भारपणात आणि अंगावर पाजताना पाळी येत नाही. पाळी नाही तर बऱ्याच जणींचं दुखणंही तेवढा काळ कमी होतं. पाच-सहा बाळंतपणं झालेल्या बाईची पाळीच आयुष्यात थोडी वर्षं आली. तिचं दुखणं झाकलं गेलं. बरं झालं असं कसं म्हणणार?

दुसरं भोक जास्त कडू आहे. गरीब बायकांत आजार कमी होता, की कुणी बघितलाच नव्हता? याचं उत्तर द्यायला १९७६ उजाडलं. शिकागोचे कृष्णवर्णीय डॉक्टर डोनाल्ड चॅटमन यांनी आपल्या कृष्णवर्णीय रुग्ण बायकांच्या पोटात दुर्बीण घालून पाहिलं. तोवर पुस्तकं सांगत की काळ्या बायकांना हा आजार क्वचितच होतो, त्यांचं ओटीपोट दुखतं ते गुप्तरोगासारख्या जंतुसंसर्गानं. चॅटमनना पाचातल्या एकीहून जास्त जणींत एंडोमेट्रिओसिस सापडला. त्यातल्या अनेकींवर आधी जंतुसंसर्गाचाच शिक्का बसलेला होता. म्हणजे तेच दुखणं, पैसेवालीला झालं तर ‘नाजूक, शिकलेली, उशिरा लग्न झालेली’ आणि काळ्या, गरीब बाईला झालं तर तिच्या चारित्र्यावर बोट.

इथं मला आपलं बीड आठवल्याशिवाय राहिलं नाही. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढं ऊसतोड बायकांचे आकडे आले. पाहणी केलेल्या सुमारे ८२ हजार जणींपैकी १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली. त्यात कारणं अनेक होती. खाडा, मुकादमाची उचल, भीती, खाजगी दवाखान्यांचा धंदा. त्या सगळ्यांना हा आजार होता असं मी अजिबात म्हणत नाही. पण पोट दुखतं, अंगावरून जास्त जातं, एवढं म्हणणाऱ्या गरीब बाईला नेमका आजार कोणता हे नाव मिळत नाही, थेट ‘पिशवी खराब’ एवढंच मिळतं. हा फरक बॉस्टनच्या वॉर्डात होता तसाच आपल्याकडं आहे.

पुन्हा मागावर येतो. गर्भारपणानं आराम पडतो ना, मग गोळ्यांनीच खोटं गर्भारपण आणू, असं बॉस्टनचेच रॉबर्ट किस्टनर यांनी १९५०च्या दशकाच्या अखेरीला मांडलं. नव्यानं तयार झालेली संप्रेरकं बायकांना महिनोनमहिने सलग दिली. पाळी थांबली, दुखणं कमी झालं. आजही बऱ्याच जणींना याच जातीच्या गोळ्या देतात आणि त्यांचा उपयोगही होतो. १९७०च्या दशकात डॅनाझॉल आलं. त्यानं दुखणं कमी व्हायचं, पण बायकांना मिशा फुटायच्या, वजन वाढायचं, आवाज जाड व्हायचा. गेलेला आवाज काही जणींचा परत आलाच नाही.

पण यात एक मोठी गोची आहे आणि मूल हवं असलेल्या जोडप्यांनी ती नीट समजून घ्यावी. ही सगळी औषधं बीज तयार होणंच थांबवतात. ती चालू असताना मूल राहणार नाही. बंद केल्यावर तरी राहण्याची शक्यता वाढते का? कित्येक वर्षं डॉक्टर म्हणत, आधी सहा महिने औषध देऊ, मग प्रयत्न करा. नीट चाचण्या झाल्या तेव्हा कळलं की मूल राहण्याच्या दृष्टीनं त्या सहा महिन्यांचा फायदा नाही. ज्या बाईचं वय ३५ आहे तिचे ते सहा महिने कोण परत देणार?

मूल राहायला अडचण नेमकी कुठं येते, हे मित्राला विचारलं. तो म्हणाला, एका जागी नाही. आतलं चिकटलं असेल तर अंडाशयातून सुटलेलं बीज नलिकेच्या तोंडाला पोचत नाही. अंडाशयात गाठ असेल तर बीजांच्या साठ्यावर परिणाम होतो. पोटातल्या पाण्यात सूज आणणारी द्रव्यं असतात, ती बीजाला आणि शुक्राणूला सोसत नाहीत. गर्भाशयाचं अस्तरही गर्भ धरायला कमी तयार असू शकतं. आणि एक गोष्ट जी डॉक्टरही विचारत नाहीत आणि बायकोही सांगत नाही : संबंधाच्या वेळी प्रचंड दुखतं. दुखतंय म्हणून ती टाळते, घरात म्हणतात हिला संसाराची आवड नाही. याच माहितीवर आपल्याकडं सोडचिठ्ठ्या झाल्यात. मी कोर्टाच्या बातम्या करतो, मला माहीत आहे.

तरी एक लक्षात ठेवा, हा आजार म्हणजे वांझपणाचा दाखला नव्हे. आजार असलेल्या कितीतरी जणींना काहीही उपचार न करता मुलं होतात.

मग ऑपरेशनचं काय? पोट फाडल्याशिवाय आत बघता येणं ही मोठी क्रांती होती. पॅरिसचे राऊल पामेर यांनी १९४०च्या दशकात, युद्धाच्या धामधुमीत, दुर्बिणीनं ओटीपोट बघण्याची पद्धत बसवली. इंग्लंडच्या पॅट्रिक स्टेप्टो यांनी १९६७ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. हेच ते स्टेप्टो, ज्यांच्यामुळं १९७८ मध्ये जगातलं पहिलं टेस्ट ट्यूब बाळ जन्मलं. त्याच वर्षी कोलकात्यात सुभाष मुखर्जींनी दुर्गाला जन्माला घातलं आणि आपल्या सरकारी बाबूंनी त्या माणसाला जगणं नको केलं, ती कथा वेगळी, पुन्हा कधीतरी. आपल्या मुंबईत केईएममध्ये १९८६ साली डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळच्या संशोधन संस्थेतले डॉ. आनंद कुमार यांच्या हातून हर्षा चावडा जन्मली.

दुर्बीण आल्यावर आजाराचे ठिपके दिसू लागले, आणि दिसले की जाळायचे, ही रीत पडली. जाळल्यानं मूल राहतं का, हे मात्र कुणी तपासलं नव्हतं. १९९७ मध्ये कॅनडातल्या २५ रुग्णालयांनी मिळून ते तपासलं. सौम्य आजार असलेल्या आणि मूल न राहिलेल्या ३४१ बायका. कुणाचे ठिपके काढायचे आणि कुणाचे नुसते बघून दुर्बीण बाहेर काढायची, हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलं. ठिपके काढलेल्या १७२ जणींपैकी ५० जणींचा गर्भ २० आठवड्यांपुढं टिकला. न काढलेल्या १६९ पैकी २९ जणींचा. म्हणजे फायदा झाला. दोनच वर्षांनी इटलीत सुमारे १०० बायकांवर असाच प्रयोग झाला, तिथं फरक दिसला नाही. आज दोन्ही मिळून डॉक्टर म्हणतात की थोडा फायदा आहे. पण कॅनडाचा आकडा उलटा वाचा : ठिपके न काढताही २९ जणींचा गर्भ टिकला, आणि काढूनही १२२ जणींना त्या मुदतीत असा टिकलेला गर्भ मिळाला नाही. दवाखान्याच्या भिंतीवरच्या ‘शंभर टक्के’वाल्या फ्लेक्सखाली बसताना हे आठवावं.

चॉकलेट सिस्टचं प्रकरण अजून नाजूक. गाठ सोलून काढताना अंडाशयाचा चांगला भागही थोडा निघतो, बीजांचा साठा घटतो. दोन्ही बाजूंच्या गाठी असतील किंवा पुन्हा पुन्हा ऑपरेशन झालं असेल तर जास्तच. म्हणून आता टेस्ट ट्यूबच्या आधी सरसकट गाठी काढू नका असं सांगतात. काढायचीच वेळ आली, दुखणं असह्य असेल, तर काढतातही. पण आधी बीजसाठ्याची रक्ततपासणी करावी, डॉक्टरांना हा प्रश्न तोंडावर विचारावा. ताईनं तो विचारला नव्हता. विचारतात हेच तिला माहीत नव्हतं.

आता भाचीच्या प्रश्नाचं सरळ उत्तर. युरोपातल्या प्रजननतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२२ मध्ये नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात स्पष्ट लिहिलंय की केवळ एंडोमेट्रिओसिसवरचा उपचार म्हणून कुणालाही गर्भार राहायचा सल्ला देऊ नये, कारण त्यानं त्रास कमी होईल किंवा आजार थांबेलच असं नाही. त्याआधी २०१८ मध्ये गर्भारपणात या गाठींचं काय होतं यावरचे सगळे अभ्यास एकत्र करून पाहिले गेले. काही ठिकाणी गाठी विरल्या, काही ठिकाणी वाढल्या. औषध म्हणता येईल असं त्यात काही नव्हतं. त्याच २०२२च्या कागदात हेही आहे की निदानासाठी प्रत्येक वेळी दुर्बीणच लागते असं नाही. जाणकार हाताची सोनोग्राफी आणि एमआरआय बरंच सांगतात, आणि लक्षणांवरून औषध सुरू करता येतं.

हार्वर्डच्या प्राध्यापकानं लवकर लग्नाचा सल्ला दिला १९३८ला. नको म्हणून छापून आलं २०२२ला. मधल्या ८४ वर्षांत ज्या मुलींची लग्नं ‘औषध’ म्हणून लागली असतील, त्यांचा आकडा कुठल्याच अभ्यासात नाही.

उशीर केला तर अडचण, हे डॉक्टरांचं दुसरं वाक्य मात्र निम्मं खरं आहे. वय वाढतं तसा बीजसाठा घटतो, आणि हा आजार असेल तर लक्ष जास्त ठेवावं लागतं. ज्याचं लग्न झालंय आणि मूल हवंय त्यानं वर्षानुवर्षं नवस बोलत बसू नये. पण २३ वर्षांच्या पोरीला हे सांगणं आणि तिच्यासाठी आठवड्यात दोन स्थळं आणणं, या दोहोंत फार अंतर आहे. शिवाय स्थळवाल्यांना हे सांगणार होतात का, असं मी दाजींना विचारलं. ते गप्प बसले. म्हणजे मूल हेच औषध, मूल होणंच अवघड, आणि हे ज्याच्या घरी पोरगी द्यायची त्याला माहीत नाही. पाळणा हलला नाही तर उद्या बोल कुणाला लागणार होता, ते मी लिहायला नको.

संशोधन पुढं चाललंय. २०२३ मध्ये ६० हजारांहून जास्त आजारी बायकांच्या जनुकांचा अभ्यास छापून आला. आजाराशी जोडलेल्या ४२ जागा त्यात सापडल्या, आणि अर्धशिशी, पाठदुखी यांच्याशी त्याचं मुळातलं नातं असल्याचं दिसलं. ‘नाटक करते’ म्हणणाऱ्यांना हे दाखवा. पण त्या बायका युरोपीय आणि पूर्व आशियाई वंशाच्या. आपल्या बायका त्यात नाहीत. भारतातल्या बायकांसाठी असं काम आयसीएमआरच्या परळच्या संस्थेनं हाती घेतलंय, ऑक्सफर्डच्या मदतीनं, देशभरातल्या रुग्णालयांतून. त्याच वर्षी जपानमधल्या नागोयाच्या संशोधकांना आजारी बायकांपैकी ६४ टक्क्यांच्या गर्भाशयाच्या अस्तरात एक विशिष्ट जिवाणू सापडला, निरोगी बायकांत १० टक्क्यांहून कमी. उंदरांवर प्रतिजैविकांनी फरकही पडला. म्हणून कुणी मेडिकलमधून प्रतिजैविकं आणून खाऊ नयेत, माणसांवर ते सिद्ध व्हायचंय.

भाचीला दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलं. एमआरआय झाला, गोळ्या सुरू आहेत. पहिले दोन महिने चिडचिड आणि मधेच अंगावरून जाणं, मग बसलं. दुखणं पूर्ण गेलेलं नाही, पण या खेपेला पूर्ण पेपर लिहून आली. निकाल लागायचाय. बायोडाटा ताईनं कपाटात ठेवलाय, फाडलेला नाही. दाजी माझ्याशी जरा कमीच बोलतात सध्या.

पोस्ट टाकण्याआधी भाचीला पूर्ण वाचून दाखवली. नाव, गाव काढलंय, म्हटलं अजून काही काढायचं का. बादलीचं काढू का?

म्हणाली, “बादलीचं राहू दे.”